वढकी, वाढई आणि सुतार : कारागिराच्या शिल्पाविषयी काही विचार

देवरी तालुक्यात, आणि एकंदर झाडीपट्टीतच, लाकूडकाम करणाऱ्याला ‘वाढई’ म्हणण्याचा प्रघात आहे. पुण्याकडच्या विद्यार्थ्यास हा शब्द प्रथम कानी पडताच हिंदी ‘बढई’चे मराठी वळण वाटतो, आणि छत्तीसगडची सीमा येथून जवळच असल्यामुळे तसे वाटणे अस्वाभाविकही नाही. तथापि ही समजूत टिकणारी नव्हे. संस्कृत ‘वर्धकि’, पाली ‘वड्ढकि’, प्राकृत ‘वड्ढइ’ आणि मराठी ‘वाढई’ ही परंपरा सरळ आहे. शब्दारंभीच्या वकाराचा हिंदीत बकार होतो, मराठीत तो टिकतो. ‘बीस’ आणि ‘वीस’ ह्या जोडीत जे घडले तेच येथे घडले आहे. तेव्हा ‘वाढई’ हा शब्द सीमेपलीकडून आलेला पाहुणा नसून घरचाच आहे. उलट प्रमाण मराठीने ‘सूत्रधार’ ह्या शब्दापासून आलेला ‘सुतार’ स्वीकारल्यामुळे हा जुना घरवाला कडेच्या ओसरीवर जाऊन बसला, इतकेच. ‘वाढणे’ ह्या क्रियापदाशी त्याचा संबंध लोक जोडतात, परंतु तो खरा नाही. ‘वर्धकि’च्या मुळाशी असलेला ‘वर्ध्’ हा धातू कापण्याच्या अर्थाचा आहे. वाढई म्हणजे वाढविणारा नव्हे, कापणारा.

हा शब्द महाराष्ट्राच्या भूमीवर दगडात कोरलेला सापडतो, आणि ज्या स्थळी सापडतो त्या स्थळामुळे प्रस्तुत लेखाचा विषय उपस्थित होतो. लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतील अनेक लहान लेख आहेत. त्यांतील एक धेनुकाकट गावच्या सामि नावाच्या वढकीचा आहे. तो आपल्या बापाचे नाव सांगतो (वेणुवास), आपला धंदा सांगतो आणि घराचे मुख, म्हणजे चैत्यगृहाचे द्वार, आपण केले असे सांगतो. त्याच चैत्यगृहाविषयी वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचाही लेख आहे. हे शैलगृह आपण सिद्धीस नेले आणि ते जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे, असे तो निःसंकोचपणे नोंदवितो. श्रेष्ठीने सर्व वास्तूवर आणि सर्व जंबुद्वीपावर हक्क सांगावा, सुताराने एका दारावर सांगावा, हे प्रमाण लक्षात घेण्याजोगे आहे.

सामि हा दाता होता की कर्ता, हा येथील खरा प्रश्न होय. कार्ल्याच्या खांबांवर यवनांसह अनेकांची नावे आहेत, आणि तेथे ‘दान’ हा शब्द स्पष्ट आहे. भूतपालाच्या लेखात पूर्ण करविल्याचा अर्थ देणारे क्रियापद आहे. सामिच्या लेखात मात्र ‘कत’, म्हणजे ‘कृत’, एवढेच आहे. प्राचीन लेखांत ‘केले’ ह्याचा अर्थ पुष्कळदा ‘करविले’ असा असतो आणि म्हणून सामिनेही द्रव्य देऊन दार करविले असावे, असे म्हणता येईल. व्याकरणाच्या दृष्टीने ह्या पक्षाला बाधा नाही. परंतु एकाच भिंतीवर देणारा ‘दान’ म्हणतो, पुरे करविणारा वेगळे क्रियापद वापरतो आणि स्वतःचा धंदा आवर्जून सांगणारा सुतार ‘केले’ म्हणतो, तेव्हा हे तीन शब्द तीन वेगळ्या संबंधांचे वाचक आहेत असे मानण्याकडे आमचा कल आहे. शब्द निवडून वापरणाऱ्याला त्याच्या शब्दाचा फायदा द्यावा, हा न्याय श्रेष्ठींना आपण नेहमीच लावीत आलो आहोत.

आता लाकडाचा कारागीर दगडाच्या दाराशी काय करीत होता, ही शंका कार्ल्याचे चैत्यगृह न पाहिलेल्यासच येईल. तेथील छताला प्राचीन लाकडी फासळ्या आजही आहेत. खडकाच्या कमानीला त्या फासळ्यांचा काडीचाही आधार लागत नाही. छत अखंड कातळाचे आहे. तरीही त्या बसविल्या गेल्या, कारण ज्या सभागृहाची ती प्रतिकृती होती ते लाकडाचे होते आणि फासळ्यांवाचून ते डोळ्यांना अपुरे वाटले असते. दर्शनी भागावरील कमानी, कठडे, तुळयांची टोके ह्या सर्वांतून सुताराचे व्याकरण दगडात उतरले आहे. पाथरवट येथे शिष्य आहे आणि सुतार गुरू आहे.

गुरुशिष्याची ही गोष्ट वढकींच्या संदर्भात पाली वाङ्मयात एका अनपेक्षित रूपाने आली आहे. वड्ढकिसूकर जातकात एका सुताराला खड्ड्यात पडलेले रानडुकराचे पिलू सापडते. तो ते घरी नेऊन वाढवितो. ते पिलू नाकाडाने ओंडके उलटून देते, दातांत धरून कुऱ्हाड, वाकस, पटाशी, मोगरी आणून देते आणि मापाच्या काळ्या दोरीचे एक टोक धरून उभे राहते. पुढे ते अरण्यात जाऊन डुकरांचा व्यूह रचते आणि वाघाला जिंकते, हा कथेचा पराक्रमाचा भाग. आम्हांस तिच्यातील खरा निरीक्षणाचा भाग आधीचाच वाटतो. सुताराकडे कामास राहिलेला पोरगा प्रथम जे करतो तेच सारे त्या पिलाने केले आहे. दोरीचे दुसरे टोक धरणे हीच उमेदवारीची पहिली यत्ता असते. ‘सुतासारखा सरळ’ ही आपली म्हण आणि ‘दोन सूत कमी’ ही आजच्या सुताराची भाषा, जीत एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ही दोन्ही त्या दोरीलाच बांधलेली आहेत.

सामिच्या बाबतीत ‘केले’ ह्या शब्दाविषयी वाद होऊ शकतो. दुसऱ्या एका कारागिराच्या बाबतीत तोही फारसा होण्याजोगा नाही. औरंगाबादच्या पश्चिमोत्तरेस कन्नडजवळ पितळखोरे येथे १९५० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याने लेण्यांपुढील राडारोडा उपसला. त्यात डोक्यावर पात्र धरलेल्या एका ठेंगण्या यक्षाची मूर्ती निघाली, जी पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. मूर्तीच्या हाताच्या मागील बाजूस ती कण्हदास नावाच्या सोनाराने केली असल्याचा लेख आहे. एका मूर्तीच्या अंगावर तिच्या कर्त्याचे नाव, आणि त्या कर्त्याचा धंदा पाथरवटाचा नसून सोनाराचा! सांचीच्या तोरणावरही विदिशेच्या हस्तिदंतकारांनी रूपकर्म केल्याचा लेख आहे, हे सर्वांस विदित आहेच. परंतु तेथे नाव समूहाचे आहे, येथे एका माणसाचे आहे.

ह्या यक्षाकडे कलाकृती म्हणून पाहिले असता काय दिसते? त्याचे पोट सुटलेले आहे, हसणे मोकळे आहे आणि तो आपला भार खेळकरपणे पेलतो आहे. शिल्पाच्या मोठ्या घडणीत सफाईपेक्षा जोम अधिक आहे. परंतु गळ्यातील आणि कानांतील अलंकारांपाशी दृष्टी येताच हात बदलल्यासारखा वाटतो. अलंकारांना तेथे वजन आहे. ते अंगावर कोरलेले नसून अंगावर घातलेले वाटतात. टीकाकाराने असे म्हणताना जपले पाहिजे, कारण लेख वाचल्यानंतर सोनार दिसू लागणे सोपे असते. तरी ही जोखीम पत्करूनही आम्ही म्हणू की कण्हदासाने आपला धंदा दगडाच्या आड लपविला नाही. भार वाहणाऱ्या एका चाकराची मूर्ती त्याने केली, तिला आपल्या दुकानातील उत्तम दागिना घातला आणि तिच्या हातावर, म्हणजे ज्या अवयवाने हे सारे घडते त्याच अवयवावर, आपले नाव घातले. श्रमाच्या गौरवार्थ केलेली मूर्ती ह्याहून वेगळी काय असते?

ह्या प्राचीन उदाहरणांत कारागीर आणि कलावंत ह्यांच्यामध्ये ओलांडावयाची अशी सीमाच नाही. संस्कृतात ‘शिल्प’ शब्द कोणत्याही कसबाला लागत असे. आज आपण ‘शिल्पकार’ एकाला आणि ‘कारागीर’ दुसऱ्याला म्हणतो, आणि पहिल्याच्या सत्काराला दुसरा मंडप उभारावयास जातो. भाषेने ह्या भेदाची नोंद फार बोलकेपणाने ठेवली आहे. अरबी ‘कस्ब’ म्हणजे मिळकत, कमाई. मराठीत ‘कसब’ म्हणजे हाताचे नैपुण्य झाले आणि त्याच शब्दापासून झालेले ‘कसबीण’ हे नाव मात्र वेश्येस मिळाले. हाताने अगर देहाने मिळविणाऱ्याविषयी समाजाला कौतुक वाटते आणि अविश्वासही वाटतो. शब्दाने दोन्ही जपून ठेवले. शिकणाऱ्याची स्थिती आणखी चमत्कारिक आहे. ‘उमेदवार’ हा फारसी शब्द, उमेद बाळगून असलेला. कचेरीत बिनपगारी काम करीत जागा रिकामी होण्याची वाट पाहणारा तो उमेदवार, आणि कारखान्यात शिकणारा तोही उमेदवार. १९६१ चा कायदा मराठीत आला तेव्हा ‘शिकाऊ उमेदवार’ असे जोडनाव झाले. ‘आऊ’ प्रत्यय आपल्या भाषेत ‘टिकाऊ’ शब्दात मानाचा असला तरी ‘टाकाऊ’, ‘विकाऊ’, ‘दिखाऊ’ ह्या मंडळींत तो अधिक रमतो, आणि ‘शिकाऊ’ हे विशेषण आपण सामान्यतः काम बिघडल्यावरच आठवतो. जुना ‘शागीर्द’ शब्द निदान गुरूचे अस्तित्व मान्य करीत होता.

मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाची इमारत १८७८ ते १८८८ ह्या काळात उभी राहिली. तिच्यावरील पाने, फुले, प्राणी आणि जाळ्या ह्यांच्या कोरीव कामात जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. रोज लाखो माणसे ज्या खालून जातात ते हे उमेदवारांचे काम आहे. इमारतीच्या माथ्यावर जी प्रगतीची मूर्ती आहे आणि दर्शनी त्रिकोणांत कृषी, वाणिज्य, अभियांत्रिकी ह्यांच्या ज्या प्रतिमा आहेत त्या इंग्रज शिल्पकार टॉमस अर्प ह्याच्या म्हणून ग्रंथांत नमूद आहेत. विद्यार्थ्यांचा उल्लेख ‘विद्यार्थी’ ह्या समूहवाचक नामानेच होतो. सांचीच्या हस्तिदंतकारांची जी गत तीच त्यांची. फरक इतकाच की हस्तिदंतकारांनी आपल्या गावाचे नाव तरी दगडावर ठेवले.

त्या कलाशाळेतून १९५३ साली बाहेर पडलेल्या एका विद्यार्थ्याच्या नावातच त्याचा धंदा होता. राम वनजी सुतार ह्यांचा जन्म १९२५ साली धुळे जिल्ह्यातील गोंदूर येथे गावच्या सुताराच्या घरी झाला. जोशी गुरुजींनी मुलाचा हात ओळखून त्याला मुंबईस धाडले; तेथे त्याने मेयो सुवर्णपदक मिळविले. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मूळचे मेस्त्री (हा शब्दही पोर्तुगीज ‘मेस्त्रे’, म्हणजे उस्ताद, ह्यावरून आलेला), आणि त्यांनी एका धंद्याचे नाव टाकून दुसऱ्या धंद्याचे घेतले. राम सुतारांना नाव बदलण्याची गरज वाटली नाही. शंभर वर्षांचे आयुष्य भोगून डिसेंबर २०२५ मध्ये ते निवर्तले, तेव्हा १८२ मीटर उंचीच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याचे शिल्पकार म्हणून जग त्यांना ओळखत होते.

ही ओळख आम्हांस त्यांच्या कर्तृत्वाची सर्वांत उणी ओळख वाटते. त्या पुतळ्यात सुतारांचा हात लहान नमुन्यावर फिरला. पुढचे काम मापनयंत्रांचे, अभियंत्यांचे आणि चीनमधील ओतशाळेचे आहे. पोलाद आणि काँक्रीट ह्यांवर चढविलेल्या ब्राँझच्या पत्र्यांत एवढे मोठे साम्य टिकविणे ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु आकार जितका वाढतो तितका हात दूर जातो, आणि पाहणाऱ्याजवळ उंचीचा आकडा तेवढा राहतो. सुतारांचे मोठेपण पाहावयाचे तर साठ वर्षांहून अधिक मागे, चंबळेच्या काठी जावे लागते.

मध्यप्रदेशातील गांधीसागर धरण १९६० साली पुरे झाले. तेथे राम सुतारांनी चंबळेची सुमारे ४५ फूट उंचीची मूर्ती केली. माता चंबळ आणि तिच्यापाशी मध्यप्रदेश व राजस्थान ही दोन मुले, अशी तिची कल्पना आहे. कल्पना म्हणून ती नवी नाही. नदीला माता म्हणणे आणि दोन राज्यांना भावंडे म्हणणे हे त्या काळच्या कोणत्याही उद्घाटनाच्या भाषणात बसण्यासारखे आहे. पण करण्याची रीत पाहावी. काँक्रीटचा एक अखंड ठोकळा आधी ओतून घ्यावयाचा आणि मग तो छिन्नी-हातोड्याने, वरून खाली, लेण्यासारखा कोरीत यावयाचे. काँक्रीट हा साच्याचा पदार्थ आहे. साचा करून ओतला की काम संपते. सुतारांनी त्याला ओंडक्यासारखे वागविले. ओंडका समोर ठेवून त्यात नसलेले कापून टाकणे हा वाढईचा, ‘वर्ध्’ धातूचा, मार्ग आहे. मूर्तीच्या स्थूल पातळ्या, वस्त्राच्या सरळ उतरत्या रेषा, अवयवांचा एकमेकांस चिकटलेला बांधा ह्या सर्वांत तो मार्ग स्पष्ट उमटला आहे. धरण बांधणाऱ्या एकाही मजुराची आकृती तिथे नाही, आणि तरी त्या जागी त्यांचे कसब जर कोठे शिल्पात आले असेल तर ते ह्या कापणीत आले आहे.

ही मूर्ती पाहून प्रसन्न झालेल्या पंडित नेहरूंनी सुतारांना दुसरे काम सांगितले. भाक्रा धरणावर राबलेल्या कामगारांच्या श्रमाचे ५० फुटी ब्राँझ स्मारक करावयाचे होते. ते त्या आकारात धरणावर उभे राहू शकले नाही. नद्यांना आणि नेत्यांना स्मारके मिळत गेली. ज्यांच्यासाठी हे योजिले होते त्यांच्या वेळी निधी आखडला, ही गोष्ट टीकाकाराने अर्थ लावण्याचीही अपेक्षा न करता बोलते.

स्मारकाचे नियोजित नाव ‘श्रमाचा विजय’ अशा आशयाचे होते, आणि त्याच नावाचे देवीप्रसाद रायचौधरी ह्यांचे शिल्प १९५९ साली मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर उभे राहिले होते. प्रचंड शिळा हलवू पाहणारे चार पुरुष, ताणलेल्या पोटऱ्या, वाकलेल्या पाठी, पिळवटलेले स्नायू ही त्याची सामग्री. त्या शिल्पाची शक्ती नाकारणे कोत्या मनाचे लक्षण ठरेल. परंतु ते पाहताना एक शंका मनातून जात नाही. हे चौघे बलवान आहेत. कुशल आहेत काय? शिळा हलविताना जोर लागतो हे खरे, पण गवंडी, सुतार, लोहार, साचेकार ह्यांच्या कामात जोराहून माप अधिक लागते. ओळंबा धरलेला माणूस निश्चल असतो. गुण्या लावून एक डोळा मिटणारा सुतार कोणत्याही स्नायूला ताण देत नाही. आमच्या श्रमस्मारकांनी मजुराचा देह घेतला आणि कारागिराची नजर घेतली नाही. शिकणाऱ्याचा तर विचारच केला नाही, कारण त्याच्यापाशी दाखविण्याजोगे स्नायूही नसतात. ज्या कोणास शिकाऊ उमेदवारांच्या गौरवार्थ शिल्प करावयाचे असेल त्याच्यापुढे ही खरी अडचण आहे. विजय दाखविता येतो, भार दाखविता येतो. अजून न जमलेली गोष्ट जमविण्याचा प्रयत्न कसा दाखवावा?

ह्या प्रश्नाचे एक उत्तर वेरूळला आहे. तेथील दहावे लेणे, इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या सुमाराचे, विश्वकर्म्याचे म्हणून प्रसिद्ध आहे; लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. कार्ल्याला निदान फासळ्या खऱ्या लाकडाच्या होत्या. येथे त्याही दगडाच्याच, एकेक वासा खडकातून उठविलेला. तोपर्यंत सातआठशे वर्षे दगड कोरणाऱ्यांना आता लाकडाची गरज उरली नव्हती. तरी त्यांनी गुरूचा धडा पुन्हा पहिल्यापासून गिरविला. आत व्याख्यानमुद्रेतील बुद्धाची मोठी मूर्ती आहे. बौद्ध धर्म त्या भागातून ओसरल्यावर सुतार मंडळी ह्या मूर्तीला विश्वकर्मा मानून पूजेस येऊ लागली, आणि धर्मचक्राच्या मुद्रेत एकमेकांस लागलेल्या बोटांचा त्यांनी आपल्या परीने अर्थ लावला. काम करताना विश्वकर्म्याचे बोट दुखावले आणि ते तो धरून बसला आहे, असा तो अर्थ.

मूर्तिशास्त्राच्या दृष्टीने हा अर्थ चुकीचा आहे, ह्यात शंका नाही. टीका म्हणून तो असामान्य आहे. साऱ्या विश्वाच्या कारागिराला त्यांनी हत्यार लागलेले बोट दिले. पटाशी हाती धरून आठ दिवस झालेल्या पोराला जे पहिले होते ते त्यांनी देवाला झालेले मानले, आणि देवाला त्याची लाज वाटत नसून तो ते सर्वांपुढे धरून बसला आहे असे पाहिले. रायचौधरींच्या चौघांपाशी हे नाही. १८२ मीटरांपाशी तर ते असण्याचा संभवच नाही.

राम सुतारांचा ह्या लेण्यांशी संबंध केवळ कल्पनेतला नव्हे. १९५४ ते १९५८ ह्या काळात ते औरंगाबाद येथे पुरातत्त्व खात्यात नोकरीस होते आणि वेरूळच्या भग्न शिल्पांच्या दुरुस्तीचे काम करीत होते. चंबळेचा अखंड ठोकळा वरून खाली कोरण्याची युक्ती त्यांच्या हातात कोठून आली असावी, ह्याचा शोध घेणाऱ्याने ह्या चार वर्षांकडे अवश्य पाहावे. दुरुस्ती करणाऱ्याने तुटलेला हात अगर झिजलेली बोटे जुन्या कारागिराच्या हाताने घडवावयाची असतात, स्वतःच्या नव्हे. मेयो पदक मिळविलेल्या पदवीधराने येथे पुन्हा दोरीचे दुसरे टोक धरले. त्या चार वर्षांत सुतारांनी घडविलेला भाग कोणता आणि मुळातला कोणता, हे पाहणाऱ्यास सहज ओळखू येऊ नये, अशीच त्या कामाची अट होती.